जुनं 'लूझ' पाडायलाच हवं होतं का? (लिस्बनचं सव्वा लाखाचं स्टेडियम)

आडवापास

परवा रात्री झोप येईना म्हणून जुने सामने चाळत होतो. १९९१ च्या वीस वर्षांखालच्यांच्या विश्वचषकाची फायनल हाती लागली. पोर्तुगाल-ब्राझील, लिस्बन, ३० जून. सामना म्हणून यथातथाच, जादा वेळ धरूनही ०-०. पण कॅमेरा वर गेला की बघत राहावं. पोरासोरांच्या मॅचला एक लाख सत्तावीस हजार माणूस! शेवटी पेनल्टीत पोर्तुगाल ४-२, निर्णायक फटका रुई कोश्ताचा, आणि त्यानंतरचा आवाज असा की मी लॅपटॉप बंदच केला, घरातले उठले असते.

म्हटलं हे स्टेडियम बघायला कधीतरी जाऊ. तर ते नाहीच! बेन्फिका क्लबचं जुनं 'एस्तादिओ दा लूझ'. १ डिसेंबर १९५४ ला उघडलं तेव्हा चाळीस हजारांचं होतं. १९६० मध्ये तिसऱ्या सज्जाचा पहिला टप्पा झाला, १९८५ मध्ये तो सज्जा चारी बाजूंनी जोडला गेला आणि क्षमता १,२०,००० वर पोचली. ४ जानेवारी १९८७ ला पोर्तो क्लबविरुद्ध तर १,३५,००० लोक आत होते. आणि २००२-०३ मध्ये पाडलं. लगेच शेजारी नवं बांधलं ते ६५,००० चं.

निम्म्याने लहान करण्यासाठी कोण पाडतं हो? माझं मत स्पष्ट आहे : गाढवपणा झाला. डागडुजी करून वाचवता आलं असतं. इथे फुटबॉलवाले बरेच आहेत, बोला.

चहाटळ

पुण्यात या. निम्मी जागा, दुप्पट भाव, वर 'रिडेव्हलपमेंट' असं नाव. लिस्बनचे बिल्डर आमच्याकडेच शिकले असणार.

ऑफसाईड

आडवापास, आकडे बरोबर आहेत पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. १,३५,००० हा आकडा काँक्रीटच्या पायऱ्यांवर खेटून बसलेल्या आणि उभ्या असलेल्या लोकांचा आहे. नव्वदच्या दशकात प्रत्येकाला स्वतंत्र खुर्ची हवी असा नियम आला, खुर्च्या बसवल्या आणि त्याच स्टेडियमची क्षमता ७८,००० च्या आसपास आली. म्हणजे तुम्ही ज्याच्यासाठी हळहळताय ते सव्वा लाखाचं लूझ पाडायच्या आधीच संपलं होतं. पाडलं ते पाऊण लाखाचं, म्हातारं झालेलं.

आडवापास

७८,००० म्हणजे काय कमी झाले? ६५ पेक्षा जास्तच की.

पॉपकॉर्नवाला

बसलो.

तेजूकाठची

लिस्बनमध्ये राहते, म्हणून लिहिते. फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, पण ऑफिसात निम्मी माणसं बेन्फिकाची आणि उरलेली गावातल्याच दुसऱ्या क्लबची, स्पोर्टिंगची. सोमवारी सकाळी कोणाशी आधी बोलायचं हे आदल्या दिवशीच्या स्कोअरवर ठरवावं लागतं.

स्टेडियमचं कागदोपत्री नाव क्लबच्याच नावावर होतं, 'लूझ' हे लोकांच्या तोंडचं. त्या भागात नॉसा सिन्योरा दा लूझचं चर्च आहे, त्यावरून पडलं. आज तिथे मेट्रोने उतरलात की एका अंगाला कोलोंबो मॉल, पलीकडे सेगुंदा सिर्क्युलार हा गाड्यांनी भरलेला रस्ता आणि मध्ये नवं स्टेडियम. जुन्याचं म्हणाल तर बेन्फिकाचा सगळ्यात मोठा खेळाडू युसेबियो, त्याचा पुतळा आहे. तो १९९२ चा, जुन्या मैदानाबाहेर होता, नव्याबाहेर आणून बसवला. २०१४ च्या जानेवारीत युसेबियो गेला तेव्हा तो पुतळा मफलर आणि फुलांखाली दिसेनासा झाला होता.

आमच्या ऑफिसातले एक वयस्क गृहस्थ जुन्या स्टेडियमचे सभासद होते. पाडलं त्याचं वाईट वाटतं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, 'जानेवारीच्या पावसात तिसऱ्या सज्जावर एकदा बसून बघ, मग विचार.' वर छप्पर नव्हतं ना. इथला हिवाळा थंडीचा कमी, पावसाचाच जास्त.

मिरजमळा

चर्चा चांगली चालली आहे. बाकी लिस्बन म्हटलं की १९६७ चा युरोपियन कप आठवतो, सेल्टिकने इंटर मिलानला २-१ हरवलं तो. सगळे अकरा खेळाडू ग्लासगोच्या आसपास जन्मलेले. ते याच मैदानावर झालं. असली मैदानं पाडणं म्हणजे देऊळ पाडण्यासारखं.

ऑफसाईड

नाही हो मिरजमळा. ती फायनल जामोरच्या राष्ट्रीय स्टेडियमवर झाली. शहराबाहेर, झाडीत, एका बाजूला संगमरवरी मंच असलेलं. १० जून १९४४ ला उघडलं आणि अजून उभं आहे, पोर्तुगालच्या कपाची फायनल तिथेच होते. देऊळ शाबूत आहे, काळजी नसावी.

जामोरचा आणि बेन्फिकाचा वेगळाच संबंध आहे. लूझच्या आधी बेन्फिकाचं घर होतं आमोरैरास नावाच्या भागात, १९२५ पासून. सरकारने लिस्बनबाहेर जाणारा मोठा रस्ता आणि दुआर्त पाशेकु उड्डाणपूल काढला आणि त्या कामात हे मैदान गेलं. मग १९४१ ते ५४ काम्पो ग्रांदला पालिकेच्या जागेत. म्हणजे हा क्लब मुळात विस्थापित. म्हणून १९५४ चं लूझ त्यांच्यासाठी 'आपल्या मालकीचं' होतं. जुआव सिमोइश हा आर्किटेक्ट बेन्फिकाचाच माजी खेळाडू. अध्यक्ष बोगाल्यू यांनी सभासदांकडून वर्गण्या गोळा केल्या, लोकांनी पैसे दिले, सिमेंट दिलं. उद्घाटनाला तारीखही देशाच्या स्वातंत्र्याच्या सणाची निवडली, १ डिसेंबर, १६४० साली स्पेनचं राज्य झुगारलं तो दिवस.

चहाटळ

आणि उद्घाटनाचा सामना?

ऑफसाईड

पोर्तोने ३-१ ने हरवलं. :)

चहाटळ

वास्तुशांतीला जेवायला बोलावलेला पाहुणाच पंगत उधळून गेला म्हणा.

दोरोचा_मित्र

इथे पोर्तोवाला मीच एकटा दिसतोय, त्यामुळे खरं सांगायला हवं. ती परतफेड होती. २८ मे १९५२ ला पोर्तोने आपलं अंतास स्टेडियम उघडलं, पाहुणे म्हणून बेन्फिकाला बोलावलं, आणि बेन्फिकाने ८-२ ने धुतलं. घरच्या मांडवात आठ! अडीच वर्षांनी लिस्बनला जाऊन वचपा काढला. तरी आठाचे तीन म्हणजे बाकी बरीच राहते.

अंतासही गेलं. जानेवारी २००४ मध्ये तिथे शेवटचा सामना, मग पाडापाडी. जवळच ड्रॅगाव उभं राहिलं, त्याच्या उद्घाटनाला नोव्हेंबर २००३ मध्ये बार्सिलोना आली होती आणि सोळा वर्षांचा मेस्सी बार्साच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा खेळला तो तिथेच. स्पोर्टिंगचं जुनं आल्व्हलाद, १९५६ चं, तेही गेलं. एकाच दमात देशातल्या तिन्ही मोठ्या क्लबांनी आपापली घरं पाडली. म्हणून मला वाटतं, फक्त लूझचा प्रश्न विचारून उपयोग नाही. कारण एकच आहे : युरो २००४, युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा.

गॅलरीतली_ताई

बरोबर. ऑक्टोबर १९९९ मध्ये स्पर्धा पोर्तुगालला मिळाली आणि दहा मैदानं लागणार होती. त्यातली सात नवीकोरी. एवढ्याशा देशात! तीन मोठ्या क्लबांना ती मैदानं वापरता तरी आली. पण लैरिया, आवैरू आणि आल्गार्व्ह बघा. तिथल्या स्थानिक संघांना दोन-चार हजार प्रेक्षक मिळतानाची मारामार, आणि बांधली तीस हजारांची. लैरियाच्या पालिकेला तर ते स्टेडियम विकायला काढावं लागलं होतं. तेव्हा 'मोठं ते चांगलं' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

आणि आडवापास, तुमच्या लाडक्या लूझवरचीच गोष्ट. ६ मे १९९२, कप विनर्स कपची फायनल, वेर्डर ब्रेमेन-मोनॅको. घरचा संघ नाही. प्रेक्षक जेमतेम सोळा हजार. सव्वा लाखाच्या मैदानात सोळा हजार. तो व्हिडिओ पण बघा एकदा रात्री, घरातलं कुणी उठणार नाही याची हमी.

आडवापास

ताई, एका फायनलला रिकामं होतं म्हणून पाडायचं असेल तर वानखेडे किती वेळा पाडावं लागेल!

आणि १,३५,००० चा सामना कुठल्या परिस्थितीत झाला तेही सांगतो. त्याच्या तीन आठवडे आधी, १४ डिसेंबर १९८६ ला बेन्फिका स्पोर्टिंगच्या मैदानावर ७-१ ने हरली होती. सात! मानुएल फेर्नांदेसचे एकट्याचे चार. आपल्याकडे पुतळे जळाले असते. आणि पुढच्याच महिन्यात इतके लोक घरच्या मैदानावर गोळा होतात, संघ पोर्तोला ३-१ ने हरवतो, आणि मोसमाच्या शेवटी लीगही जिंकतो. त्याच मोसमात त्याच पोर्तोने व्हिएन्नात बायर्नला हरवून युरोपियन कप घेतला. म्हणजे हरवलं कुणाला ते पण बघा. हे जे माणसांचं एकत्र येणं आहे ते ६५ हजारांच्या मॉलसारख्या स्टेडियमात होईल?

दोरोचा_मित्र

त्या दिवसाची आठवण काढायची गरज नव्हती.

बार्देशकार

आमच्या म्हापशाकडे अजून जुनी माणसं आहेत ज्यांची बेन्फिका आणि स्पोर्टिंगवरून भांडणं व्हायची. माझे काका बेन्फिकाचे. १९६१ च्या मे महिन्यात बेन्फिकाने बर्नला बार्सिलोनाला ३-२ हरवून पहिला युरोपियन कप घेतला तेव्हा गोव्यात पोर्तुगीज राज्य. डिसेंबरात गोवा मुक्त झाला. १९६२ च्या मे महिन्यात ॲम्स्टरडॅमला रेआल माद्रिदवर ५-३, दुसरा कप. काका म्हणायचे, 'पहिलो कप आमचो, दुसरो त्यांचो.' पण दुसऱ्या कपाचं कौतुक त्यांना जास्त, कारण युसेबियोने दोन गोल मारले होते. पेपरातलं कात्रण बरीच वर्षं बायबलमध्ये होतं.

आजच्या काळातला दुवा हवा असेल तर आंतोनियु कोश्ता घ्या. वडलांकडून मडगावचं घराणं. लिस्बनचे महापौर, मग पंतप्रधान, आता युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. आणि पक्के बेन्फिकावाले. २०२० मध्ये क्लबच्या निवडणुकीत एका उमेदवाराच्या पाठीराख्यांच्या समितीत त्यांचं नाव आलं, ते पंतप्रधान असताना! देशभर गदारोळ झाला आणि मग नाव काढलं. तिथे क्लब म्हणजे काय ते यावरून कळेल.

सह्याद्रीचा_वारा

माफ करा, पण मला या 'सोनेरी काळाचं' कौतुक पचत नाही. याच वर्षांत आपला माणूस त्याच लिस्बनजवळच्या तुरुंगात होता. मोहन रानडे. सांगलीचे, गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि मुक्तिसंग्रामात उतरले. १९५५ मध्ये जखमी अवस्थेत पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. पुढे पोर्तुगालला नेलं, काशियासच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला तरी हे सुटले नाहीत, सुटका झाली ती १९६९ च्या जानेवारीत. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी समिती काढून किती खटपट केली ते जुन्या लोकांना ठाऊक आहे. म्हणजे बेन्फिकाचे दोन्ही कप, तिसऱ्या सज्जाची सुरुवात, बेस्टचा तो सामना, हे सगळं होत होतं आणि काही किलोमीटरवर रानडे कोठडीत. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याने फुटबॉल लोकांना गुंगवायला वापरला हे सगळे जाणतात. पाडलं त्याचं दुःख वगैरे ठीक आहे, पण स्तोत्र नको.

बार्देशकार

रानडे यांच्याबद्दल दुमत नाही. आमच्या घरात पण एक चुलते आग्वादच्या तुरुंगात होते. तरी काका बेन्फिकाचेच राहिले. माणसं अशीच असतात, दोन्ही एकाच घरात.

ऑफसाईड

वारा, मुद्दा मान्य, अर्धा. सालाझारच्या राजवटीचं लाडकं बांधकाम जामोरचं होतं, लूझ नव्हे. लूझ सभासदांच्या पैशातून उभं राहिलं. आणि देशात खऱ्या निवडणुका होत नव्हत्या त्या काळात बेन्फिकाचे सभासद मात्र मतदान करून आपला अध्यक्ष निवडत. यश मिळाल्यावर राजवटीने ते मिरवलं, हे खरंच. युसेबियो आणि कर्णधार कोलुना दोघेही मोझांबिकचे. वसाहती म्हणजे आमचाच प्रांत, हे जगाला दाखवायला त्यांचे फोटो फारच सोयीचे होते.

संपादक मंडळ

चर्चा चांगली चालू आहे. राजकारणावर वेगळा धागा काढावा, इथे स्टेडियमवर राहावे.

चहाटळ

स्टेडियमवर राहिलो असतो, पण पाडलं म्हणताय.

मिरजमळा

बेस्टचा सामना कुठला?

ऑफसाईड

९ मार्च १९६६, युरोपियन कप, उपउपांत्य फेरी. मँचेस्टर युनायटेड पहिला सामना ३-२ जिंकून आलेली. बेन्फिका तोवर युरोपियन कपात घरी हरलेलीच नाही. सामन्याआधी युसेबियोला मैदानातच युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूचा चेंडू दिला, पंचाहत्तर हजार लोक टाळ्या वाजवतायत. आणि पहिल्या बारा मिनिटांत एकोणीस वर्षांच्या जॉर्ज बेस्टने दोन गोल मारले. शेवट १-५. पोर्तुगीज पेपरांनी त्याला 'बीटल्स' बँडमधला बीटल केलं, आणि तो मोठी टोपी घालून विमानातून उतरला तो फोटो इंग्लंडभर छापून आला. लूझवर कुणाची कीर्ती झाली म्हणाल तर सगळ्यात आधी पाहुण्याची झाली.

गॅलरीतली_ताई

आणि यजमानांची अपकीर्ती झाली ती वाटाच्या हातामुळे. १८ एप्रिल १९९०, युरोपियन कपची सेमीफायनल, मार्सेय पहिल्या सामन्यातून २-१ ने पुढे. शेवटची काही मिनिटं उरलेली. कॉर्नर येतो, मॅग्नुसन डोक्याने पुढे काढतो, आणि अंगोलाचा वाटा चेंडू चक्क दंडाने आत ढकलतो. रेफ्रीला सोडून जगाला दिसलं. १-०, म्हणजे एकूण बरोबरी, आणि परक्या मैदानावर मारलेल्या गोलच्या जोरावर बेन्फिका फायनलला. वाटा अजून म्हणतो की खांदा होता. मार्सेयमध्ये त्याचं नाव काढून बघा, चहा मिळणार नाही.

चहाटळ

म्हणजे मॅराडोनाचा देवाचा, आणि हा कुणाचा?

गॅलरीतली_ताई

देव मधे असता तर फायनल जिंकले असते. मिलानने व्हिएन्नात १-० ने घरी पाठवलं.

बार्देशकार

त्याला कारण गुट्मन! दोन कप जिंकून दिल्यावर कोच बेला गुट्मनने बोनस मागितला, क्लबने नाही म्हटलं, हा चिडून गेला आणि जाताना शाप देऊन गेला की शंभर वर्षं तुम्हाला युरोपात काही मिळणार नाही. त्यानंतर ज्या ज्या युरोपीय फायनलला गेले ती हरले. १९९० ची फायनल व्हिएन्नात होती आणि गुट्मनला पुरलंय तिथेच, म्हणून युसेबियो त्याच्या थडग्यावर प्रार्थना करून आला, असं सांगतात.

ऑफसाईड

शाप ही नंतर रंगवलेली गोष्ट. तसं असतं तर माणूस १९६५ मध्ये परत बेन्फिकाचा कोच म्हणून आला नसता. १९८३ ची यूएफा कप फायनल हरले ती आंडरलेख्ट चांगली खेळली म्हणून. दुसरा टप्पा लूझवरच होता, १-१.

पॉपकॉर्नवाला

दुसरा डबा उघडला.

तेजूकाठची

मूळ प्रश्नाकडे येते. ऑफिसातल्या त्या काकांना परत गाठलं, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत बराच वेळ सांगितलं. त्यातलं मला समजलं ते असं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी क्लबची अवस्था फार वाईट होती. १९९४ नंतर लीग नाही, ती थेट २००५ ला मिळाली. २०००-०१ ला सहावा नंबर, क्लबच्या इतिहासातला सगळ्यात खालचा. डोक्यावर कर्ज. त्याच २००० साली एक तरुण कोच आला होता, जोझे मोरिन्यो. मुख्य कोच म्हणून त्याची ही पहिलीच नोकरी. लूझवर स्पोर्टिंगला ३-० ने हरवलं आणि दोन दिवसांत बाहेर पडला, कारण नव्या अध्यक्षांनी निवडणुकीत दुसऱ्याच कोचचं नाव घेतलेलं. काका अजून त्यावर हात कपाळाला लावतात.

अशा परिस्थितीत २००१ च्या सप्टेंबरमध्ये सभासदांच्या सभेत नव्या स्टेडियमचा ठराव मंजूर झाला. म्हणजे कुठल्या बिल्डरने येऊन पाडलं नाही, सभासदांनीच हात वर केले. काकांनी पण. त्यांचं म्हणणं, तिसरा सज्जा हे अभिमानाचं होतं पण रोजच्या लीग सामन्याला वीस-पंचवीस हजार लोक, बाकी ओलं काँक्रीट. एवढ्या मोठ्या सांगाड्याची देखभाल करायला पैसा कुठून आणायचा? डागडुजी करायची म्हटली तर छप्पर, वाटा, खोल्या, सगळं नव्याने. आणि युरोचे पैसे तेव्हाच मिळणार होते, नंतर नाही.

मला सगळ्यात विलक्षण वाटलं ते हे : पाडताना सामने चालू होते. एकीकडचा सज्जा तोडलेला, पलीकडे नव्याचे खांब वर येतायत आणि मध्ये लीगचा सामना. शेवटचा सामना २२ मार्च २००३ ला अझोरेस बेटांवरच्या सांता क्लाराविरुद्ध, १-० जिंकला, गोल सिमाओचा. उरलेला मोसम जामोरला खेळले. २५ ऑक्टोबरला नवं उघडलं, मोंतेविदेओच्या नासिओनालविरुद्ध, २-१. दोन्ही गोल नुनो गोमेसचे.

आडवापास

तेजूकाठची, छान लिहिलंत. सभासदांचा ठराव हे मला माहीत नव्हतं. पण ठराव झाला म्हणून योग्य ठरत नाही. आमच्या सोसायटीत पण ठराव होतात.

२०,००० येतात तर ७८,००० कशाला, हे समजू शकतो. पण मग ६५,००० तरी कशाला?

ऑफसाईड

कारण युरोची फायनल. ती लूझला हवी होती तर आकडा तेवढा लागणारच. आणि झालीही, ४ जुलै २००४. पोर्तुगाल ०, ग्रीस १. खारिस्तेआसचं डोकं. आपल्याकडे मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सुरू झाली होती, दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे डोळे चोळत होते.

दोरोचा_मित्र

एकोणीस वर्षांचा रोनाल्डो रडला ते याच नव्या लूझवर. नव्या घरातल्या पहिल्या मोठ्या कार्यालाही पाहुणाच जिंकला. परंपरा पाळली म्हणायची.

गॅलरीतली_ताई

आता मोठ्या सामन्यांना नवं लूझ भरतं, हेही खरं. म्हणजे आकडा चुकलेला नाही. आडवापास, ७८ हजारांत ४० बसले तर जागा रिकामी दिसते, ६५ हजारांत ६० बसले तर खेळाडूच्या अंगावर येतं. आवाज माणसांचा असतो, खुर्च्यांचा नाही. छपराने तो आतच राहतो, हा फायदा वेगळाच.

मिरजमळा

आपल्याकडे उलटं झालं. मोटेराचं जुनं पाडलं आणि एक लाख बत्तीस हजारांचं बांधलं. लिस्बनवाले १,३५,००० वरून खाली आले, आपण तिकडेच चढलो.

चहाटळ

तिथे पण वरच्या सज्जावर छप्पर आहे का ते बघून घ्या, अहमदाबादच्या मे महिन्यात पाऊस नसतो पण ऊन असतं.

सह्याद्रीचा_वारा

कोलकात्याचं सॉल्ट लेक विसरू नका. १३ जुलै १९९७, फेडरेशन कप सेमीफायनल, ईस्ट बंगाल ४, मोहन बागान १, भूतियाची हॅटट्रिक. १,३१,७८१ प्रेक्षक. लूझच्या विक्रमापेक्षा सव्वातीन हजारांनीच कमी, आणि तेही आपल्या देशात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्यांच्या विश्वचषकासाठी तिथेही खुर्च्या बसवल्या, क्षमता लाखाच्या खाली आली. पण पाडलं नाही. तेव्हा आडवापास यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पैसा कमी असला तरी सुधारता येतं.

ऑफसाईड

सॉल्ट लेक सरकारी आहे. तोटा झाला तर सरकार बघून घेईल. बेन्फिकाला तोटा झाला तर सभासदांनाच भरावा लागतो. म्हणूनच ठराव त्यांनी केला.

आडवापास

ठीक. सरकारी असतं तर वाचलं असतं असं म्हणता येईल का मग? :) जामोर वाचलंच की, सरकारी आहे म्हणून.

गॅलरीतली_ताई

हा मुद्दा बरा आहे, पण जामोरमध्ये वर्षाला मोठा सामना किती वेळा होतो ते बघा. ते 'वाचलं' असं म्हणायचं की 'ठेवलं'?

तेजूकाठची

परवा काकांना हा धागा भाषांतर करून वाचून दाखवला. ते म्हणाले, ७-१ चं कोण म्हणालं? मी आडवापास यांचं नाव सांगितलं. त्यांनी तुमच्यासाठी निरोप दिलाय, पण संपादक मंडळ उडवेल.

आडवापास

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

दोरोचा_मित्र

अंतासवर वेगळा धागा काढतोय. ८-२ बद्दल कुणी एक अक्षर लिहायचं नाही ही अट.

चहाटळ

लिंक द्या, तिथे पहिला प्रतिसाद माझा.